मुळं ठेवून खुडलेली घोळ

शकू, मागच्या अंगणात घोळ इतकी माजली आहे की नळाकडे जायला वाट उरलेली नाही. तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आज सकाळी मी बादली घेऊन मागे गेले तर पाय ठेवायला जागा नाही. लालसर देठं, जाड गुळगुळीत पानं, भिंतीकडच्या मातीतून फरशीवर चहूकडे पसरलेली. मधूनमधून तांदुळजा, भिंतीच्या कडेला केना. इतके दिवस कुणी हातच लावलेला नाही. मी तिथे उभी राहिले आणि मला तुझा राग आला. रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि तो तुला सांगितल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही. जिवंतपणी तू मला या विषयावर बोलू दिलं नाहीस. आता तुझा इलाज नाही, ऐकून घे.

सिडकोतल्या या रांगेतल्या घरांत आपण दोघी एकाच सुमाराला राहायला आलो. मधे कमरेएवढी भिंत. मी पंचवटीतल्या गल्लीत वाढलेली. तिथे तुळशीच्या कुंडीपलीकडे हिरवं काही नव्हतं, म्हणून मागच्या हातभर जागेत मला गुलाब, मोगरा, वांगी, मिरच्या, सगळंच लावायचं होतं. एकदा मी उकिडवी बसून तण उपटत होते आणि मागच्या भिंतीपलीकडे मोकळ्या जागेत भिरकावत होते. तू धुणं वाळत घालत होतीस. तोवर आपलं बोलणं 'पाणी आलं का' आणि 'गेलं का' एवढंच. तू हातातलं लुगडं तसंच टाकलंस आणि ओरडलीस, "अगं बाई, भाजी काय फेकून देती! खुळी हाय का तू?"

मला खुळी म्हणणारी तू पहिलीच. घरी माझ्या तोंडाला सगळे भीत.

मग तू भिंतीवरून पाय टाकून सरळ अलीकडे आलीस आणि मला माझ्याच बागेत काय काय उगवलंय ते दाखवलंस. ही घोळ, हा तांदुळजा, हा केना, त्या कुंडीतली तीन पानांची आंबुशी, हिची चटणी. घोळीसारखीच दिसणारी एक दुसरी वनस्पती असते, ती तू देठ मोडून दाखवलीस. पांढरा चीक आला. "दूध आलं का फेकायचं. घोळीत दूध नस्तं." तू सिन्नरकडच्या खेड्यातली, तुझ्या आईच्या मागे बांधाबांधानं हे शिकलेली. मला त्याचं फार अप्रूप वाटलं असं नाही. मला वाटलं, ही बाई माझ्या बागेतून कचरा घेऊन चालली आहे, बरंच झालं.

संध्याकाळी वाडगंभर भाजी आली. भरपूर लसूण, हिरवी मिरची, थोडी मुगाची डाळ. आंबूस, बुळबुळीत नाही, कोरडी नाही. आमच्या ह्यांनी भाकरीवर भाकरी मागितली. मी दुसऱ्या दिवशी तुझ्यासारखीच करायला गेले तर काळपट लगदा झाला. तू भिंतीवर कोपर टेकून हसलीस. "झाकण ठिवलं ना? घोळीवर झाकण ठिवायचं नाय. आणि माती नीट धुतली नाय तू, दातात कचकच येती का न्हाई बघ." आली होती.

ते दिवस चांगले होते, शकू. तुझे मालक, भास्करभाऊ, अंबडच्या कंपनीत होते, दिवाळीला बोनस होता, रविवारी तुझ्या घरून मटणाचा वास यायचा. तण म्हणजे तुझ्या जिभेची हौस होती. केन्याची भजी करून तू रांगेतल्या सगळ्या पोरांना वाटायचीस आणि तुझी जयू फ्रॉकला हात पुसत माझ्याकडे आणखी मागायला यायची.

मग कंपनीला टाळं लागलं. तू कुणाला सांगितलं नाहीस. भाऊ पूर्वीसारखेच सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मधले तास कुठे काढायचे ते देवाला ठाऊक. सगळ्या रांगेला माहीत होतं आणि तू म्हणायचीस, "ह्यांची शिफ्ट बदलली." मग कधी कुठल्या गोदामात, कधी कुणाच्या बांधकामावर राखणदार, असं काहीबाही मिळत गेलं. रविवारचा वास बंद झाला. तेव्हाच कधीतरी तू भिंतीवरून म्हणालीस, "मंगल, तुझ्या बागेत लय तण झालंय. आळशी बाई. मीच काढून देत जाईन. मला बसल्या बसल्या करमत नाय."

मी म्हटलं, दे की.

तू यायचीस, पदर खोचायचीस, खाली बसायचीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. आपण काही अगदीच आंधळे नसतो. तण काढायला आलेली बाई तण मुळापासून उपटते. तू मुळांना हात लावत नव्हतीस. दोन बोटांत धरून फक्त शेंडे खुडत होतीस, खालची दोन पानं ठेवून, म्हणजे आठवड्यात पुन्हा फुटेल. वांग्याच्या आळ्यात आलेला तांदुळजाही तू तसाच राखलास. वांगं त्यामुळे खुरटलं, तरी. ओटी भरली की तू उठायचीस आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, "झालं बाई साफ!" साफ काहीच झालेलं नसायचं. मी खिडकीतून म्हणायची, "उपकार झाले गं." आणि मग सिंककडे वळून उगाच भांडी आपटत बसायची.

त्या दिवसापासून मी तणाला पाणी घालायला लागले. तुला वाटायचं मला ठाऊक नाही, आणि मला वाटायचं तुला ठाऊक नाही. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं. गुलाब सुकले ते सुकले, पण तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी मी घोळीच्या अंगावर ओतत होते. आमचे हे म्हणाले, "लोक गुलाबाला पाणी घालतात, आमच्याकडे तणाला. डॉक्टरला दाखवायला पाहिजे तुला." त्यांना मागे शहाबादी फरशी बसवून घ्यायची होती. स्कूटर लावायला बरी, चिखल नको, डास नकोत. त्यावरून आमचं असं भांडण झालं की दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणाचा आवाज नव्हता. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते तुझं होतं, माझं नव्हतं. शेवटी गवंडी आला तेव्हा हे खाली बघत म्हणाले, "भिंतीकडची माती राहू दे. वहिनींना बसायला किती लागते, तेवढी." म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

आणि ते वाडगं. त्या वाडग्यापायी मी तुझ्याशी किती भांडले असेन! मी आमटी पाठवायची, कधी कढी, कधी थालीपीठ, सणावाराला पुरण. 'जास्त झालं गं' म्हणून पाठवायची. जास्त काही होत नव्हतं, मी मुद्दाम मूठभर जास्त टाकत होते. आणि दुसऱ्या दिवशी वाडगं परत यायचं ते भरून. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्या सगळ्यांच्याच घरची रीत. माझ्याही आईनं मला हेच शिकवलं. निदान चिमूटभर साखर घालून तरी द्यायचं. पण तू साखरेवर भागवणारी नव्हतीस. घोळ नाहीतर तांदुळजा, वाडग्याच्या काठापर्यंत. "तुझ्याच बागेतली हाय. तुझा हक्क हाय तिच्यावर."

एकदा मी वैतागून म्हटलं, "शकू, एकदा तरी रिकामं दे. आभाळ कोसळणार नाही."

तू हसत होतीस ती थांबलीस. "रिकामं वाडगं घेऊन तुझ्या दारात उभी ऱ्हाऊ? मागत्यावानी?"

माझ्या तोंडाला सगळे भितात, तू भ्यायली नाहीस. मी वाडगं घेतलं. रात्री ह्यांनी भाजी मिटक्या मारत खाल्ली आणि म्हणाले, वहिनींना सांग, खानावळ काढा. मी ते तुला सांगितलं तेव्हा तुझा चेहरा फुलला होता. त्या काळात तुझा चेहरा फुललेला फार कमी वेळा दिसायचा, म्हणून मग मी दर वेळी काहीतरी सांगायला लागले. ह्यांनी दोनदा मागून घेतली. पाहुण्यांनी विचारलं कुणी केली. अजून असती तर बरं झालं असतं.

एकदा मात्र मी सरळ विचारलंच. भिंतीपाशी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "शकू, घरात काही कमी असेल तर माझ्याजवळ बोल. मी परकी आहे का?" तू म्हणालीस, "कमी? काय कमी हाय?" आणि आत गेलीस. त्यानंतर तू माझ्या बागेत यायची बंद झालीस. घोळीला पिवळी फुलं आली, तांदुळजा कमरेला लागला, त्याचे तुरे वाऱ्यावर हलायला लागले. तुमच्या घरून फोडणीचा आवाज यायचा, पण कशाची ते कळायचं नाही. जयू शाळेत जाताना माझ्याकडे बघायची नाही. मी रोज खिडकीत उभी राहून त्या तणाकडे बघायची आणि स्वतःच्या तोंडाला शिव्या द्यायची.

शेवटी मीच भिंतीशी गेले. "शकू, अगं मागे साप निघालाय. तण वाढलंय ना. ये की जरा काढायला."

तू विचारलंस, "कसला साप?"

"काळा."

"केवढा?"

मी हातानं दाखवलं. तू म्हणालीस, "एवढं तर गांडूळ असतं." मग तुझं तोंड वाकडं झालं, मला वाटलं रडतेस, पण तू हसत होतीस. भिंत ओलांडून आलीस, पदर खोचलास आणि शेंडे खुडायला बसलीस. त्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसून खुडलं. दोघींनीही मुळांना हात लावला नाही. मला वाटलं, मिटलं. तो विषय तिथेच पुरला आणि वरती घोळ उगवू दिली. मैत्री राखायची तर एवढं करावं लागतं, असं मी स्वतःला समजावलं.

मग कुंभमेळ्याची कामं निघाली, आसपासचे मोकळे प्लॉट सपाट झाले, तिकडे जे काही उगवायचं ते बंद झालं. उरली माझी भिंतीकडची माती. त्याच सुमाराला तू पिवळी दिसायला लागलीस. भिंत ओलांडताना थांबायला लागलीस. आधी एक पाय, मग श्वास, मग दुसरा. मी म्हटलं पुढच्या दारानं येत जा. म्हणालीस, "पुढल्या दारानं पाहुणे येत्यात." तुझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर कागदासारखी पांढरी. मी तुला हाताला धरून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथला पोरसवदा डॉक्टर रिपोर्ट बघून तुझ्यावरच चिडला. "बाई, अंगात रक्तच नाही तुमच्या. पालेभाज्या खात नाही का? हिरव्या पालेभाज्या भरपूर खा."

तू हसायला लागलीस. आधी गालात, मग पदराचा बोळा तोंडात घातलास, तरी थांबेना. नंबर लावून बसलेल्या बायका बघायला लागल्या. डॉक्टर लाल झाला. मलाही हसू फुटलं. रिक्षात आपण दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, रिक्षावाला आरशातून बघत होता. "पालेभाज्या खा म्हंतो, मंगल! मला!" मला वाटलं, आपण दोघी एकाच गोष्टीला हसतोय.

गोळ्या तू किती घेतल्यास आणि किती उशाशी ठेवल्यास ते मला माहीत नाही. तापाचं निमित्त झालं. साधा ताप, रांगेत घरोघरी होता, बाकी सगळे उठले. तू उठली नाहीस. दवाखान्यात डॉक्टर भाऊंना म्हणाले, अंगात ताकदच नव्हती, कशाच्या जोरावर लढणार. भाऊ भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती, ती ते नुसती घडी घालत होते आणि उलगडत होते. मला त्यांची दया आली आणि त्यांच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही अजून वाटतं.

आज दुपारी जयू आली. भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं. आता कॉलेज सोडून दुकानात कामाला लागली आहे, ओढणी नीट पिन केलेली, तुझ्यासारखीच हनुवटी वर. सुतकात मी पाठवलेले डबे घासूनपुसून परत आणले होते. म्हणाली, "काकू, मागे तण खूप वाढलंय. रविवारी येऊन काढून देऊ?"

मी तिला बसवलं. त्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. तुला म्हणाला पालेभाज्या खा, आणि तू कशी हसलीस, आपण रिक्षात कशा हसलो. मला वाटलं, पोरीला जरा बरं वाटेल.

ती हसली नाही. म्हणाली, "काकू, आई खायचीच कुठे."

"म्हणजे?"

"पहिलं तुमचं वाडगं भरायची. काठापर्यंत. मग बाबांना आणि मला वाढायची. तिला काय उरणार? ती कढईत भाकरी फिरवायची, पुसून घ्यायची आणि ती खायची. मी म्हटलं की म्हणायची, मला खरवडच आवडते." मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला आवडायची ना भाजी, तिला त्याचं फार होतं."

शकू, पालेभाजी आळते हे मला काय ठाऊक नव्हतं? बायकांच्या जातीला हे सांगावं लागतं? ओटीभर पाला कढईत घातला की बघता बघता मूठभर होतो. तुझी ओटी मी रोज खिडकीतून बघत होते. वाडगं रोज माझ्या हातात येत होतं. ओटीतून वाडगं वजा केलं तर कढईत काय उरतं, हा हिशेब मी का केला नाही, ते मला विचारू नकोस. मी तणाला पाणी घालत राहिले आणि वाटून घेतलं की मी तुला जेवू घालते आहे. तू ते खुडून, निवडून, धुऊन, शिजवून मला आणून देत राहिलीस. माझंच पाणी माझ्याच घरात परत येत होतं, आणि मधे तू उभी होतीस, उपाशी. आणि दवाखान्यात तू हसलीस ते याला हसलीस. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी ते वाडगं गोदावरीत फेकून दिलं असतं. पण तू सांगणार नव्हतीस. तुझ्यापुढे दोनच रस्ते होते, रिकामं वाडगं नाहीतर रिकामी कढई, आणि तू कढई निवडलीस. याचा मला अभिमान वाटावा असं जयूला वाटतं. मला वाटत नाही. मला तुझा भयंकर राग येतो. मला तू हवी होतीस, मागत्यासारखी दारात उभी असतीस तरी चाललं असतं.

मी जयूला म्हटलं, "चल, आत्ताच खुडू. रविवार कशाला." आम्ही दोघी मागे बसलो. तिला शिकवावं लागलं नाही. देठ दोन बोटांत धरून, खालची पानं ठेवून. टोपली भरली. मी सगळी निवडली, माती जाईपर्यंत धुतली, लसूण लाल केला, झाकण ठेवलं नाही. तू करायचीस तशी नाही झाली, पण लगदाही झाला नाही. दोन भाकऱ्या टाकल्या. एवढी टोपली, आणि कढईत बसली जेमतेम एका ताटाची. ती सगळी मी जयूला वाढली. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला?" मी म्हटलं, "गप जेव."

ती जेवली. पोटभर जेवली, शकू, खाली मान घालून, मधेच नाक ओढत. तिची दुसरी भाकरी होत येईपर्यंत मी ओट्याशी उभी राहिले. मग उरलेला तुकडा घेतला, कढईत फिरवला, कडेपर्यंत पुसून घेतला आणि तिथेच उभ्यानं खाल्ला. नुसतं तेल, मीठ आणि जळका लसूण. त्यात भाजी नसतेच गं.